सतरा नंबरच्या नळ्या

मायक्रोस्कोपखाली मेलेलं यीस्ट निळं दिसतं. मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा. जिवंत पेशी तो रंग टिकू देत नाही, मेलेली मुकाट्यानं पिऊन घेते. पांढऱ्या किती आणि निळ्या किती, हे बघण्यात माझी एकतीस वर्षं गेली. मी तिथे नेमकं काय करते ते माझ्या आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. ‘आमची पोरगी दारूच्या फॅक्टरीत हाय’ असं चार बायकांत सांगायची सोय नव्हती, म्हणून ती ‘कारखान्यात साखर तपासती’ असं सांगायची. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

संपादकांनी ‘कामातल्या गमती लिहा’ असं कळवलं आहे. गमती होत्या. पण लिहायला बसल्यावर हात पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी जातो. त्यामुळे गंमत एखादीच सांगते आणि तिकडे वळते.

आमचा साखर कारखाना देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला, चहूकडून उसात. साखर काढून झाली की काळी, चिकट मळी उरते. ती पाण्यात पातळ करून मोठाल्या टाक्यांत भरायची आणि तिच्यात यीस्ट सोडायचं. उरलीसुरली साखर ते खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. टाकीला कान लावला तर डाळीला उकळी फुटावी तसा आवाज येतो. या सगळ्याची सुरुवात मात्र बोटाएवढ्या काचेच्या नळीत. तिरप्या थिजवलेल्या खाद्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ थर, तेच आमचं मूळ बियाणं. त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा भाग बाटलीत, बाटलीतून डब्यात, डब्यातून हौदात, हौदातून विहिरीएवढ्या टाकीत. नळीतलं यीस्ट बिघडलं तर चौथ्या दिवशी अख्खी टाकी आंबूस वास मारते. ती नळी सांभाळायची हे माझं काम. मी बी.एस्सी. होऊन सत्तर साली तिथे लागले तेव्हा डिस्टिलरीत बाई म्हणून मी एकटीच होते.

राहुरीचे उस्मानभाई बेकरीवाले आमचे ठरलेले गिऱ्हाईक. खमीर बसलं की सायकलवर किटली अडकवून यायचे. एकदा किटली भरून घेताना त्यांनी विचारलं, “बाई, ही तुमची यीस्ट कधी मरते का न्हाई? आमच्या दादाजींपासून बघतो. माणसं गेली, भट्टी बदलली, पण खमीर तेच चालू आहे.”

मी म्हटलं, “एकेक पेशी मरते, उस्मानभाई. पण तिला कोंब फुटतो, त्याची नवी पेशी होते, तिला पुन्हा कोंब. वंश थांबत नाही.”

“म्हणजे अमर झाली की!” ते हसले आणि सायकल काढली.

मागे कर्णिकसाहेब उभे होते. ते आमचे मुख्य केमिस्ट. तेव्हा चाळिशीच्या अलीकडचे असतील. उंच, जरा वाकून चालणारे. परदेशात डॉक्टरेट करायला गेले होते, वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती अर्धी टाकून परत आले आणि पोटासाठी आमच्याकडे लागले. कारखान्यात त्यांना कोणी वाईट म्हणत नसे, पण ‘साहेब जरा वेगळेच’ असं सगळेच म्हणायचे.

“शेळकेबाई,” ते म्हणाले, “न मरणारं यीस्ट तुम्ही रोज बघता. मरणारं बघायचंय?”

लॅबच्या फ्रीजमधल्या वरच्या कप्प्यातून त्यांनी पत्र्याचा चपटा डबा काढला. आत मेणाने तोंड बंद केलेल्या बारा नळ्या. नळीत सिलिका जेलचे पांढरे खडे आणि तोंडाशी चिमूटभर निळे खडे. पांढऱ्या खड्यांवर यीस्ट सुकवून झोपवलेलं होतं. परदेशातल्या लॅबमध्ये त्यांनी यीस्टवर अतिनील किरण सोडले होते. पेशी बिघडवायच्या आणि काय बिघडलं ते बघायचं, असा तो अभ्यास. सतराव्या बशीत हे वाण मिळालं होतं. परत येताना लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून त्यांनी ते आणलं.

“हे निळे खडे गुलाबी झाले तर ओल शिरली असं समजायचं,” त्यांनी सांगितलं. “थंडी हवीच, पण त्याहून कोरडेपणा हवा. ओल लागली की झोपलेल्या पेशी जाग्या होतात आणि खायला काही नसलं की मरतात. हे एवढं लक्षात ठेवा.”

मी मान डोलावली. ते मान डोलावणं मला आजही स्पष्ट आठवतं.

त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर त्यांनी एक नळी उघडली. बशीतल्या खाद्यावर यीस्टची रेघ ओढली. दोन दिवसांनी तिच्यावर टपोरे ठिपके उगवले, अगदी आपल्या यीस्टसारखेच. त्यातला एक ठिपका उचलून दुसऱ्या बशीवर रेघ. तिथेही आले. तिसऱ्या बशीवर ठिपके बारीक आणि विरळ झाले. चौथ्या बशीवर जवळपास काही नाही. जे होतं त्यावर मी मिथिलीन ब्लू टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळं निळं.

खाद्य तेच, हवा तीच, हात तेच. शेजारी आमचं डिस्टिलरीचं यीस्ट दहाव्या बशीवरही माजल्यासारखं वाढत होतं. सतरा नंबर मात्र काही पिढ्या चालून दमत होता आणि संपत होता. पुन्हा दुसरी नळी उघडली तरी तेच.

“का?” मी विचारलं.

त्यांनी कागदावर एक दोरा काढला. पेशीत असे दोरे असतात, त्यांना क्रोमोसोम म्हणतात. पेशीनं कसं जगायचं ते सगळं त्या दोऱ्यांवर लिहिलेलं. पेशीची दुसरी पेशी व्हायची तर आधी दोऱ्याची नक्कल व्हावी लागते. “नक्कल करणाऱ्याला उभं राहायला आधार लागतो,” ते म्हणाले. “अगदी टोकावर तो उभा कुठे राहणार? शेवटचा तुकडा सुटणारच. म्हणजे दर पिढीला दोरा थोडा आखूड व्हायला हवा. यावर बाहेर आत्ता कुठे बोलायला लागलेत.”

मी शेतकऱ्याच्या घरातली. मला एकदम आमचं वावर दिसलं. म्हटलं, “साहेब, औत वळवायला जागा लागते, म्हणून बांधाजवळचा पट्टा नांगरायचा राहतोच. तो मागाहून कुदळीनं खणावा लागतो.”

कर्णिकसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग टेबलावर थाप मारून म्हणाले, “अहो, हेच! चांगल्या यीस्टमध्ये कुणीतरी कुदळवाला आहे. दर खेपेला येऊन टोक पुरं करून जातो. सतरा नंबरात तोच नाही!”

त्या दिवसापासून आमच्यात त्या न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव ‘कुदळवाला’ पडलं. न दिसणारीच म्हणायची, कारण यीस्टचे ते दोरे इतके बारीक की आमच्या मायक्रोस्कोपला त्यांचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. साहेबांकडे पुरावा एवढाच, की हे वाण ठरल्यासारखं मरतं. बाकी अंदाज. तेही ते लपवत नसत. “मी सपशेल चुकत असेन, बाई,” असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे.

अडचण अशी होती की सतरा नंबर वाढवून ठेवता येत नव्हता. दुसरं कुठलंही बियाणं संपत आलं की वाढवता येतं. हे वाढवलं की त्याचं तेवढं आयुष्य खर्च झालं. बारा म्हणजे बाराच नळ्या. दोन-अडीच वर्षांत आम्ही सात उघडल्या. दर नळीमागे रेघा, बशा, नोंदी. सगळ्यांचा शेवट एकच. एकदोनदा मेलेल्या बशीवर आठवड्याभरानं चार-दोन ठिपके उगवलेले दिसले आणि ते पुढे वाढत राहिले. साहेब म्हणाले, “हवेतून आपलंच यीस्ट पडलं असणार. डिस्टिलरीत आणखी काय होणार?” त्या बशा आम्ही कुकरमध्ये उकळून टाकल्या. पाच नळ्या उरल्या होत्या.

बहात्तरचा पाऊस गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. ऊस जागच्या जागी वाळला. गाळप लवकर आटोपलं, मळी संपली, टाक्या कोरड्या पडल्या. टाक्यांचा आवाज बंद झाल्यावर आम्हाला कळलं की इतकी वर्षं आपण जरा मोठ्यानं बोलत होतो. तालुक्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली होती. आमच्यापासून सहा-सात मैलांवर पाझर तलावाचं काम होतं. शेकडो माणसं खडी फोडत होती आणि तिथेच पालं ठोकून राहत होती. आमच्या लॅबमध्ये काचसामान धुणारे गेनूमामा, पन्नाशीचे गृहस्थ, त्यांची लेक हौसा नवऱ्याबरोबर तिथेच होती.

मे महिन्यात साहेब मुंबईला गेले. तिथल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचं टिपण वाचून भेटायला बोलावलं होतं. नळ्या त्यांनी नेल्या नाहीत. “या उन्हात एस्टीनं नेऊन मातेरं करायचं नाही. आधी ते काय म्हणतात बघू,” असं म्हणाले. जाताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी त्यांना इतकं तरुण त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राचे डॉक्टर शिंगवी ट्रक घेऊन दारात आले. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

“बाई, तलावावर पटकी सुरू झालीय. काल तिघं गेले. लस आज संध्याकाळपर्यंत येतेय, पण आमचा रॉकेलवरचा फ्रीज बंद पडलाय. तुमचा लागेल. तलावाशेजारच्या शाळेत वीज आहे, तिथे नेतो.” त्यांच्या हातात तहसीलचं पत्र होतं आणि त्यावर आमच्या मॅनेजरची सही झालेली होती.

मी म्हटलं, “एक डबा आहे त्यात. एवढासाच. तो तसाच राहू दिला तर?”

“काय आहे?”

“यीस्ट. सुकवलेलं.”

“जिवंत?”

“हो.”

“नाही चालायचं. लशीशेजारी जिवंत जंतू मी ठेवणार नाही. शिवाय तो फ्रीज दहा जण उघडणार, तुमच्या डब्याची जबाबदारी कोण घेईल?”

“साहेब येईपर्यंत थांबता आलं असतं तर…”

डॉक्टर चिडले नाहीत. फार दमले होते. “बाई, पटकी थांबेल का?” एवढंच म्हणाले.

गेनूमामा माझ्यामागे उभे होते. त्यांच्या लेकीचं नाव कोणीच काढलं नाही. मी डबा बाहेर घेतला. चार माणसांनी फ्रीज ट्रकवर चढवला आणि ट्रक गेला. भिंतीवर फ्रीजमागचा चौकोन तेवढा पांढरा राहिला.

मुंबईला साहेबांच्या लॉजवर ट्रंक कॉल लावला. दुपारी दोन वाजता लागला. साहेब बाहेर गेले होते. कॉलनीत फ्रीज आणखी एकच, चेअरमनसाहेबांच्या बंगल्यात. मी डबा पदराखाली घेऊन तिथवर गेले. फाटकाशी स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “बाईसाहेब झोपल्यात. काय हाय त्यात?” आता ‘जंतू’ कसं सांगायचं? मी म्हटलं, “नंतर येते.” आणि नंतर गेले नाही. लाज वाटली. तेवीस वर्षांची नोकरदार मुलगी, चेअरमनच्या घरी लोण्याशेजारी जंतू ठेवा म्हणून सांगायला जाणार कशी? पुढे आयुष्यात मी कितीतरी निर्लज्जपणे कितीतरी दारं वाजवली. ते एक वाजवलं नाही.

लॅब भट्टीसारखी तापली होती. डबा हातात धरून मी उभीच होते. गेनूमामांना माझी दया आली.

“बाई, माठात ठिवू की. आमी भाजी ठिवतो तशी. खाली वली वाळू घालू, वर वलं फडकं. लई गार ऱ्हातंय बघा. आठ दिस काय हुतंय त्येला.”

मला ते देवासारखे भेटले असं वाटलं. मी तेव्हा फक्त उष्णतेचा विचार करत होते. उष्णता डोळ्यांसमोर होती, अंगावर होती. आम्ही माठात वाळू भरली, तिच्यावर पाणी शिंपडलं, डबा तीत पुरला आणि वर गोणपाट ओलं करून टाकलं. त्या महिन्यात पिण्याचं पाणी मोजून मिळत होतं. माझ्या वाटच्या कळशीतलं पाणी मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या वाळूला घालत होते. रोज वाळूत हात घालून डब्याला बोट लावायची. गार लागायचा. समाधान वाटायचं. उष्णता आत जाईल म्हणून डबा उघडला नाही.

सहाव्या दिवशी साहेब आले. खांद्याला नवा मोठा थर्मास. नगरहून बर्फ भरून आणला होता. दारातूनच म्हणाले, “बाई, त्यांना पटलंय! म्हणाले, दोन नळ्या आणा, आमच्या लॅबमध्ये आम्ही स्वतः करून बघतो. खरं निघालं तर तुमच्या नावानं…” मग त्यांची नजर भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे गेली.

मी सांगितलं. पटकी, डॉक्टर, तहसीलचं पत्र. ते ऐकत होते. “बरोबर केलंत,” म्हणाले. “मीही दिला असता. नळ्या कुठे आहेत?”

मी माठाकडे बोट दाखवलं. त्यांनी गोणपाट उचललं, वाळू बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलेलं मला दिसलं. त्याच क्षणी मला आठवलं. म्हणजे मी विसरले होते असंही नाही. ते मला माहीत होतं, पाठ होतं, फक्त त्या सहा दिवसांत एकदाही ते माझ्यासमोर येऊन उभं राहिलं नाही.

डबा उघडला. त्याच्या सांध्यातून पाणी झिरपलं होतं. पाचही नळ्यांची तोंडं गुलाबी. मेण एका बाजूनं सुटलेलं.

“कोरडं ठेवायचं होतं हो, बाई,” ते म्हणाले. आवाज चढला नाही. “नुसतं टेबलाच्या खणात ठेवलं असतं तरी आठ दिवस…” वाक्य तिथेच सोडून ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळाशी उभे होते. नळाला पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही नळ्यांमधलं यीस्ट बशांवर ओढलं. चार बशा आठवडाभर कोऱ्या राहिल्या. मिथिलीन ब्लू टाकून बघितलं, नजर जाईल तिथवर निळं. पाचव्या बशीवर मात्र ठिपके आले. मी धावत साहेबांच्या खोलीत गेले. एखाद्या घरात मूल जन्मल्याचं सांगावं तसं मी ते सांगितलं.

त्यांनी त्यातला ठिपका दुसऱ्या बशीवर नेला. आला. तिसऱ्यावर, आला. चौथ्यावर तो मरायला हवा होता. आम्ही दोघं बशी उजेडाकडे धरून उभे राहिलो. टपोरे, ओले, तुकतुकीत ठिपके. पाचव्यावर तसेच. सहाव्यावर तसेच. एका जिवाच्या मरणाची आम्ही वाट बघत होतो आणि तो मरायला तयार नव्हता. दहाव्या बशीनंतर साहेब म्हणाले, “हे आपलं डिस्टिलरीचंच आहे. ओल्या नळीत शिरलं असणार.” मी त्या दहा बशा कुकरमध्ये घातल्या. शिटी होईपर्यंत ते थांबले, मग घरी गेले.

परदेशातल्या लॅबला त्यांनी पत्र घातलं, की सतरा नंबरची एखादी नळी तिथे राहिली असेल तर पाठवा. उत्तर पावसाळ्यात आलं. त्यांचे प्राध्यापक वारले होते. खोली दुसऱ्यांना दिली होती. जुनी वाणं टाकून दिली, क्षमस्व. मुंबईच्या शास्त्रज्ञांना त्यांनी ‘नमुना उपलब्ध नाही’ असं कळवलं. त्यांचं कार्ड आलं, ‘मिळाल्यास अवश्य कळवावे.’ त्यात वावगं काहीच नव्हतं. नमुन्याशिवाय कोण कशावर विश्वास ठेवणार?

तलावावरची पटकी हळूहळू आटोक्यात आली. लस आल्यानंतरही चार माणसं गेली. हौसा वाचली. ती लशीनं वाचली की आपल्या आयुष्यानं, हे डॉक्टर शिंगवींनाही सांगता आलं नाही. गेनूमामांनी मला पेढा आणून दिला. “तुमी फिरीज दिलासा म्हनून, बाई,” म्हणाले. मग हळूच विचारलं, “आन् त्या नळ्या? ऱ्हायल्या का गार?”

“राहिल्या, मामा,” मी म्हटलं.

त्यांना मी कधी कळू दिलं नाही. ते रिटायर होईपर्यंत, उन्हाळा आला की दर वर्षी मला माठ भरून ठेवायचे.

साहेबांनी त्यानंतर आमच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कामात ते उलट चोख झाले. अल्कोहोलचा उतारा वाढला, टाक्या कधी बिघडल्या नाहीत, चेअरमनने दोनदा शाल घातली. पण क्रोमोसोम हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. नोंदवह्या त्यांनी एका पोत्यात घालून माळ्यावर टाकल्या आणि पुढे त्यांना वाळवी लागली. नवीन कोणी विचारणारं आलं, की “पुस्तकात बघा” म्हणायचे. मला समजावताना टेबलावर थाप मारणारा माणूस मी एकटीनंच पाहिला होता, त्यामुळे तो गेल्याचं इतर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

निवृत्त होऊन ते नगरला सावेडीत फ्लॅट घेऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या जागी मुख्य केमिस्ट झाले.

त्यानंतर काही वर्षांनी घरातल्या एका लग्नात माझी पुतणी भेटली. पुण्याला संशोधन करत होती. मंडपाच्या कडेला जेवायला बसल्यावर मी सहज विचारलं, काय चाललंय? तर उत्साहानं सांगायला लागली. “आत्या, क्रोमोसोमची टोकं असतात ना, ती दर पिढीला झिजायला हवीत. पण यीस्टमध्ये ती भरून काढणारी एक खास यंत्रणा असते. ती बिघडलेलं एक वाण परदेशात सापडलं. काही पिढ्या झकास वाढतं, आणि मग मरायला लागतं. त्यावरून सगळं उलगडत गेलं.”

मी घास परत ताटात ठेवला.

“आणि मजा म्हणजे,” ती म्हणाली, “सगळी मरत नाहीत. थोड्या पेशी वेगळ्याच मार्गानं टोकं सांधून घेतात आणि परत धडधाकट वाढतात.”

मी उठून हात धुवायला गेले. पाचव्या नळीतलं ते यीस्ट कदाचित बाहेरचं नव्हतंच. कदाचित सतरा नंबरच होता, जगायची वाट शोधून काढलेला. कदाचित. दहाही बशा माझ्या हातानं कुकरमध्ये गेल्या होत्या, त्यामुळे ‘कदाचित’च्या पुढे आता कुणालाही जाता येणार नाही.

साहेबांना सांगायचं ठरवून मी त्या वर्षात चार-पाच वेळा सावेडीला गेले. रिक्षातून उतरेपर्यंत वाक्य तयार असायचं. मग ते दार उघडायचे, “या, शेळकेबाई” म्हणायचे, कर्णिकवहिनी चहा टाकायच्या, आणि आम्ही त्यांच्या गुडघेदुखीवर, समोरच्या नव्या इमारतीवर, कारखान्यातल्या माणसांवर बोलायचो. त्यांचा अंदाज खरा ठरला, हे सांगायचं कसं? ते सांगणं म्हणजे माझ्या माठानं त्यांचं काय नेलं, त्याचं मोजमाप त्यांच्यापुढे ठेवणं. त्यांना माहीत नाही तेच बरं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दर वेळी चहा पिऊन परत आले. पुढे त्या शोधाला जगातलं मोठ्यातलं मोठं पारितोषिक मिळालं, पेपरात फोटो आले. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलेच नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात साहेब गेले. दिवस झाल्यावर वहिनींना भेटायला गेले. त्या कपाट आवरत होत्या. मला बसवून त्यांनी आतून एक फाईल आणली.

“तुम्हालाच विचारायचं होतं,” वहिनी म्हणाल्या. “यांच्या कपाटात तळाशी होती. वर बघा काय लिहिलंय. एवढं काय लपवायचं होतं यांना तुमच्यापासून? मला काही या इंग्रजीतलं कळत नाही.”

फाईलवर साहेबांच्या अक्षरात होतं, ‘शेळकेबाईंना दाखवू नये.’

मी उघडली. परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स प्रती. यीस्ट, क्रोमोसोमची टोकं, झिजत जाऊन मरणारं वाण, त्यातून वाचलेल्या पेशी. पेन्सिलनं ओळी अधोरेखित केलेल्या. प्रत्येक लेखाच्या कोपऱ्यात तो मिळाल्याची तारीख. पहिल्या तारखा ते अजून कारखान्यात होते तेव्हाच्या होत्या. मी रोज त्यांच्या टेबलासमोर बसत होते तेव्हाच्या. माझ्या पुतणीनं मला सांगण्याच्या कितीतरी आधीच्या.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी पानं नीट जुळवली आणि फाईल मिटली. “कारखान्याचे जुने कागद आहेत, वहिनी. माझ्या एका चुकीबद्दल वरून काहीतरी आलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतलं असेल त्यांनी. आता त्याचं काही नाही.”

“असं होय,” वहिनींचा जीव हलका झाला. “मग जाऊ दे रद्दीत?”

“जाऊ दे,” मी म्हणाले.